गवताच्या रानातलं स्टेशन

लंडनच्या वायव्येला रेनर्स लेन नावाचं एक स्टेशन आहे. १९०६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याला स्टेशन म्हणणंही जास्तच होतं. कागदोपत्री तो नुसता थांबा होता. लाकडी फलाट, चहूकडे गवताची रानं आणि वारा अडवायला काहीच नाही. थंडीत तिथं गाडीची वाट बघत उभं राहणाऱ्यांनी त्याचं नाव ‘न्यूमोनिया जंक्शन’ ठेवलं होतं. १९३० साली या स्टेशनाचा वापर वर्षभरात सुमारे २२,००० प्रवाशांनी केला, म्हणजे दिवसाला साठएक माणसांनी. १९३७ साली हाच आकडा ४० लाखांवर गेला.

सात वर्षांत हे घडलं कसं, याचा हा अभ्यास आहे.

शहरांबद्दल बोलताना ‘शहर वाढलं’, ‘शहर पसरलं’ असं आपण सहज म्हणून जातो. जमिनीवर पाणी सांडावं आणि उतार मिळेल तिकडे जावं, तसं काहीसं चित्र डोळ्यांसमोर येतं. या वाक्यांत कर्ता नसतो, आणि तिथंच घोळ होतो. उपनगर कुणीतरी आखतं, कुणीतरी त्याला पैसा पुरवतं, कुणीतरी आधी जमीन घेऊन ठेवतं आणि कुणीतरी त्याच्या गटारांचा खर्च सोसतं. बहुतेक शहरांत ही माणसं आणि संस्था इतक्या विखुरलेल्या असतात की त्यांचा माग काढता येत नाही. रेनर्स लेन आणि त्याच्या आजूबाजूचा ‘मेट्रोलँड’ म्हणून ओळखला गेलेला पट्टा मी निवडला, कारण इथं माग काढता येतो. लोहमार्ग, जमीन आणि जाहिरात ही तिन्ही सूत्रं इथं बराच काळ एकाच घरात होती.

आधीचं शहर

ब्रिटन हा शहरी झालेला पहिला मोठा देश. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधले निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहणारे निघाले, आणि १९११ पर्यंत हे प्रमाण शंभरात ८० च्या जवळ पोचलं. म्हणजे मेट्रोलँड उभं राहिलं तेव्हा खेड्यातून शहरात येण्याची मोठी लाट ओसरून गेली होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण उपनगरं ही गावाकडून आलेल्यांची वस्ती, असा एक सरधोपट समज असतो. या पट्ट्यात आलेली बहुतेक कुटुंबं आधीच शहरात राहत होती. ती शहरातून शहराच्याच कडेला सरकली.

हे सरकणं आकड्यांत फार स्पष्ट दिसतं. लंडनचा मूळ गाभा म्हणजे ‘सिटी’, जेमतेम एका चौरस मैलाचा. १८५१ मध्ये तिथं सुमारे १,२८,००० माणसं राहत होती. १९०१ मध्ये २७,००० उरली आणि १९३१ मध्ये ११,००० च्या आसपास. वस्ती रिकामी झाली ती रोगराईनं किंवा युद्धानं नव्हे. कारण साधं होतं. त्या जागेसाठी बँका, विमा कंपन्या आणि गोदामं जे भाडं मोजायला तयार होती, ते राहणाऱ्या माणसाला परवडणं शक्यच नव्हतं. मग पुढचं कडं भरलं. लंडन काउंटीची, म्हणजे आतल्या शहराची लोकसंख्या १९०१ च्या सुमारास ४५ लाखांवर जाऊन थांबली आणि त्यानंतर उतरू लागली, पण उपनगरांसह मोजलेलं मोठं लंडन वाढतच राहिलं: १९२१ मध्ये सुमारे ७५ लाख, १९३९ मध्ये सुमारे ८७ लाख. आतलं कडं भरतं, मग रिकामं होऊ लागतं, तोवर बाहेरचं भरायला लागलेलं असतं. झाडाच्या खोडात दरवर्षी नवं वलय बाहेरच्या बाजूनं धरतं, तसंच.

वलय किती लांब धरेल हे ठरतं माणूस रोज कामावर जायला किती वेळ द्यायला तयार आहे त्यावर. पायी तासाभरात फार तर पाच किलोमीटर होतात, म्हणून रेल्वेआधीची मोठी शहरंसुद्धा आवळलेली असत. वाहनाचा वेग वाढला की लोक तेवढ्याच वेळात लांबून येऊ लागतात. वाचलेला वेळ घरी घालवण्यापेक्षा ते तो अंतरावर खर्च करतात, आणि त्या बदल्यात मोठी खोली, थोडं अंगण, थोडी हवा मिळवतात.

हे चार्ल्स पिअर्सन यांनी फार लवकर ओळखलं होतं. ते लंडन सिटीचे विधी सल्लागार होते. कोंदट वस्त्यांत खितपत पडलेल्या कामगारांना शहराबाहेर राहता यावं आणि रोज स्वस्तात कामावर येता यावं, यासाठी जमिनीखालून रेल्वे न्यावी, असा आग्रह त्यांनी १८४० च्या दशकापासून धरला. १० जानेवारी १८६३ रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे. पहिल्याच दिवशी ३८,००० लोकांनी प्रवास केला. ते बघायला पिअर्सन नव्हते. चार महिन्यांपूर्वीच ते गेले होते. आणि ज्यांच्यासाठी त्यांनी हे मागितलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची घरं याच मार्गासाठी पाडली गेली. मार्ग गरीब वस्त्यांतून न्यायचा, कारण तिथली जमीन स्वस्त आणि तिथल्या भाडेकरूंना कुणी वाली नाही. पुढे कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या सुटल्या, पण उठवलेल्या कुटुंबांना पर्यायी घर कुणी दिलं नाही. ती शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीनं राहिली.

एक कलम

आता या प्रकरणातली कळीची गोष्ट. ती कायद्याच्या एका कलमात दडलेली आहे, आणि माझ्या मते तिच्याशिवाय मेट्रोलँड झालंच नसतं.

रेल्वे कंपनीला मार्गासाठी सक्तीनं जमीन घेण्याचा अधिकार संसद देत असे. शेतकरी किंवा जमीनदार नाही म्हणाला तरी जमीन मिळे. पण या अधिकाराला लगाम होता. १८४५ च्या कायद्यानुसार मार्ग झाल्यावर उरलेली जादा जमीन दहा वर्षांच्या आत विकून टाकावी लागे. हेतू स्वच्छ होता: सार्वजनिक कामाच्या नावाखाली घेतलेल्या जमिनीवर कंपनीनं जमिनीचा धंदा करू नये. मेट्रोपॉलिटननं मात्र आपल्या स्वतःच्या विधेयकांत अशी कलमं घालून घेतली की पुढे रेल्वेला लागेल असं वाटणारी जमीन तिला धरून ठेवता येईल. ‘पुढे लागेल’ हे ठरवणारी कंपनीच. ही मुभा इतर रेल्वे कंपन्यांना नव्हती.

त्या काळात या सवलतीचं मोल कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. मार्ग वायव्येला वाढला तो उपनगरं वसवण्यासाठी नव्हताच. १८७२ पासून सर एडवर्ड वॉटकिन अध्यक्ष होते आणि त्यांचं स्वप्न भलतंच मोठं होतं. उत्तर इंग्लंडमधल्या आपल्या दुसऱ्या रेल्वेला लंडनमार्गे दक्षिण किनाऱ्याशी जोडायचं आणि समुद्राखालच्या बोगद्यातून थेट फ्रान्सला पोचायचं. या ओढीनं रूळ १८८० मध्ये हॅरोला, १८८५ मध्ये पिनरला, १८८७ मध्ये रिकमन्सवर्थला आणि १८९२ मध्ये एल्सबरीला गेले. बोगदा काही झाला नाही. रूळ मात्र शेतांमधून पसरलेले राहिले, आणि त्यांच्यावर प्रवासी थोडेच. गर्दी शोधत आलेली ही रेल्वे नव्हतीच. आता तिलाच गर्दीची गरज होती.

वेम्बलीत वॉटकिन यांनी बाग फुलवली आणि पॅरिसच्या आयफेलपेक्षा उंच मनोरा बांधायला घेतला. १८९६ मध्ये लोकांसाठी खुला झाला तो फक्त पहिला टप्पा. काम तिथंच थांबलं आणि १९०७ मध्ये तेवढंही पाडून टाकलं. पण वेम्बलीची जमीन कंपनीच्या गोटातच राहिली होती, आणि तिथं प्लॉट पाडून विकायला सुरुवात झाली. त्याआधी विल्सडेनला रस्ते आणि गटारं करून प्लॉट बिल्डरांना विकले गेले होते, पिनरजवळ सेसिल पार्क वसवलं गेलं होतं. सगळं हळूहळू, हौशी पद्धतीनं, संचालकांच्या एका समितीमार्फत.

त्याचा नीट धंदा केला रॉबर्ट सेल्बी यांनी. १९०८ पासून ते कंपनीचा कारभार बघत होते. जमीन विकासासाठी स्वतंत्र कंपनी हवी, असं त्यांनी १९१२ मध्येच सुचवलं. महायुद्धामुळे ते लांबणीवर पडलं. १९१९ मध्ये वकिलांचं मत घेतलं गेलं. वकील म्हणाले, तुम्हाला जमीन धरून ठेवण्याचा अधिकार आहे, विकसित करण्याचा नाही. तेव्हा ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे कंट्री इस्टेट्स’ नावाची वेगळी कंपनी काढण्यात आली. तिचे एक सोडून बाकी सगळे संचालक रेल्वेचेच संचालक होते. कायद्याच्या नजरेत दोन कंपन्या, व्यवहारात एकच टेबल.

आता हिशेब बघा. रानातल्या एका एकराला शेतीचा भाव असतो. तिथून अर्ध्या तासात शहराच्या मध्यात नेणारी विजेची गाडी सुरू झाली (मेट्रोपॉलिटनचं विद्युतीकरण १९०५ मध्ये झालं) की त्याच एकराचा भाव कितीतरी पटींनी वर जातो. मातीत काही बदललेलं नसतं. वाढलेला भाव हा रेल्वेनं जमिनीत ओतलेला वेळ असतो. साधारणपणे तो जमीनमालकाच्या खिशात जातो आणि रेल्वे फक्त तिकिटावर जगते. मेट्रोपॉलिटननं हे गणित फिरवलं. प्लॉट विकून एकदा पैसा, आणि त्या प्लॉटवर राहायला आलेला माणूस पास काढतो तो पुढची तीस वर्षं. घर एकदाच विकलं जातं, पास संपला की पुन्हा काढावा लागतो. शिवाय पासधारकाच्या घरी पाहुणे येतात, मुलं शाळेत जातात, बायको खरेदीला शहरात जाते. एकेक घर म्हणजे छोटासा झराच.

जपानमध्ये इचिझो कोबायाशी नेमकं हेच करत होते. ओसाकाबाहेर रानातून जाणाऱ्या त्यांच्या रेल्वेला प्रवासी मिळणार नाहीत म्हणून सगळे हसत होते, तेव्हा १९१० मध्ये त्यांनी इकेदा इथं घरं बांधून दहा वर्षांच्या हप्त्यांवर विकायला काढली. त्या रेल्वेची पुढे हान्क्यू कंपनी झाली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच काळात एकच युक्ती सुचावी, यावरून ती किती स्वाभाविक होती हे कळतं.

गवत, व्याज आणि घर

‘मेट्रोलँड’ हा शब्द जाहिरातीतला. १९१५ पासून १९३२ पर्यंत रेल्वे दरवर्षी या नावाची पुस्तिका काढत असे. सुरुवातीला तिच्यात सहलीला जाणाऱ्यांसाठी पायवाटा, टेकड्या, ‘बीच’ नावाच्या वृक्षांची राई. पुढे पुढे घर शोधणाऱ्यांसाठी प्लॉट, बिल्डरांच्या जाहिराती आणि पासाचे दर. विकलं जात होतं ते खेड्याचं चित्र, आणि चित्राच्या मागे त्याच खेड्याची जमीन.

पण जाहिरात कितीही गोड असली तरी शेतकऱ्यानं जमीन विकायला हवी. त्यानं का विकली? इथं मला या प्रकरणातला सगळ्यात सुंदर दुवा दिसतो. हॅरोच्या आसपासची माती जड, चिकण. धान्याला फारशी चांगली नाही, गवताला उत्तम. त्यामुळे मिडलसेक्सचे (हॅरो याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात) शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं गवत विकत आले होते, लंडनच्या घोड्यांसाठी. शहरातली प्रत्येक बग्गी, प्रत्येक मालगाडा, घोड्यांची प्रत्येक बस या गवतावर चालत होती. गवत भरलेल्या गाड्या शहरात जात आणि तबेल्यांतलं खत घेऊन परत येत. शहर आणि रान यांचा असा पक्का व्यवहार होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मोटारी आल्या, बस इंजिनावर धावू लागल्या, घोडे गेले. घोडे गेले तसा गवताचा बाजार गेला. त्यात युद्धानंतर वारसा कराच्या बोज्यामुळे मोठे जमीनदार जमिनी काढत होते. ज्या वाहनांनी गवत निरुपयोगी केलं, त्याच काळाच्या वाहनांनी त्या रानाला घराचा भाव आणला. शेतकऱ्यापुढे बिल्डर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे नाही म्हणायला फारसं कारण उरलं नव्हतं.

घेणाऱ्याकडे पैसा कुठून आला? पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमधली दहातली नऊ कुटुंबं भाड्यानं राहत. १९१५ मध्ये भाडं गोठवणारा कायदा आला, आणि भाड्यासाठी घरं बांधण्यातला पैसेवाल्यांचा रस आटला. तो पैसा गृहकर्ज देणाऱ्या सहकारी धाटणीच्या सोसायट्यांकडे ठेवींच्या रूपानं वळला. मग सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सोन्याशी जोडलेलं चलन सोडलं आणि जून १९३२ मध्ये बँक दर २ टक्क्यांवर उतरला. कर्ज स्वस्त झालं, मुदत वाढली. आधी घराच्या किमतीचा पाचवा किंवा चौथा भाग हातात असावा लागे. आता बिल्डर सोसायटीकडे हमी ठेवू लागले आणि गिऱ्हाइकाला पाच टक्के भरून किल्ली मिळू लागली. पक्क्या पगाराचा कारकून, शिक्षक, रेल्वेचा तिकीटबाबू हे लोक घरमालक होऊ शकले. १९३९ पर्यंत साधारण तिघांतलं एक कुटुंब स्वतःच्या घरात होतं.

ते घर जरा जवळून बघू, कारण सगळं उपनगर या एका घराच्या पुनरुक्तीतून बनलं. दोन घरं शेजारी, मधली भिंत सामाईक, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. समोर गोलसर बाहेर आलेली खिडकी. वर त्रिकोणी छपराखाली विटांवर काळ्या फळ्या ठोकलेल्या, जुन्या लाकडी घराचा भास व्हावा म्हणून. दाराला रंगीत काचेचा तुकडा, बहुतेकदा उगवत्या सूर्याचा. आत अरुंद बोळ, जिना. खाली दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. वर दोन झोपायच्या खोल्या, एक अगदी पिटुकली तिसरी, आणि न्हाणीघर. या न्हाणीघराला कुणी हसू नये. घरात आलेला नळ, तापलेलं पाणी आणि दार लावून घेता येईल अशी जागा ही त्या कुटुंबातल्या बाईच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट होती! उपनगरांच्या एकसुरीपणावर टीका करणारे बहुतेक लोक आधीपासून न्हाणीघरवाल्या घरांत वाढलेले असत.

एकराला साधारण बारा घरं, हा त्या काळचा दंडक. १९१८ च्या सरकारी समितीनं तो मान्य केला होता आणि रेमंड अनविन यांच्यासारखे नियोजनकार त्याआधीपासून तो मांडत होते. दंडक उदात्त होता: प्रत्येक घराला ऊन मिळावं. पण त्याला स्टेशनाशेजारी ठेवून बघा. माणूस स्टेशनापर्यंत रोज अर्धा मैल सहज चालतो. स्टेशनाभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं तर आत सुमारे ५०० एकर येतात. रस्ते, शाळा, दुकानं, मैदान यांना चौथा भाग गेला तर उरतात ३७५ एकर, म्हणजे ४,५०० घरं, १८,००० माणसं. हिशेब ढोबळ आहे, पण एका स्टेशनाची भूक किती आणि ती किती लवकर भागते हे त्यातून कळतं. रेनर्स लेनला मार्गाच्या उत्तरेला रेल्वेशी बांधलेल्या कंपनीनं ‘हॅरो गार्डन व्हिलेज’ वसवलं आणि दक्षिणेला टी. एफ. नॅश या बिल्डरनं स्वस्त घरांच्या ओळीच्या ओळी उठवल्या. सात-आठ वर्षांत वर्तुळ भरलं. मग पुढचं स्टेशन. बारा घरांचा दंडक पाळायचा तर शहराला आडवं पडण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत लंडनची लोकसंख्या सुमारे सहाव्या हिश्शानं वाढली आणि बांधलेलं क्षेत्र जवळपास दुप्पट झालं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच उपनगर.

बिल कुणाच्या नावावर

जमिनीच्या वाढीव भावातला मोठा वाटा रेल्वेच्या आणि बिल्डरांच्या बाजूला गेला, हे वर आलंच. खर्चाचं काय?

मिडलसेक्स काउंटीची लोकसंख्या १९२१ मध्ये साडेबारा लाख होती, १९५१ मध्ये साडेबावीस लाखांवर. एवढ्या घरांचं सांडपाणी छोट्या छोट्या गावांच्या जुन्या केंद्रांना झेपणं शक्य नव्हतं. नदीनाले नासू लागले. शेवटी काउंटी कौन्सिलला सगळ्या पश्चिम मिडलसेक्ससाठी मोठ्या नळवाहिन्या टाकून मॉग्डन इथं मध्यवर्ती मलशुद्धीकरण केंद्र बांधावं लागलं. ते १९३६ मध्ये पूर्ण झालं. पैसा करदात्यांचा. प्लॉट विकणाऱ्यानं त्याच्या आतला रस्ता आणि गटार केलं; गटारातलं पाणी पुढे कुठं जाणार, हा त्याचा प्रश्न नव्हता. शाळांचंही तसंच. घरं आधी, मुलं लगोलग, वर्ग मागून. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. उपनगराची किंमत ठरवताना घराची आणि पासाची किंमत धरली जाते, पण या गोष्टींची नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं.

आणि घाईनं बांधलेलं सगळं टिकाऊ नव्हतं. ओल येणाऱ्या भिंती, तडकलेले गिलावे, खचलेले मजले यांच्या तक्रारी वाढल्या. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या दुसऱ्या बाजूच्या उपनगरांतल्या रहिवाशांनी निकृष्ट घरांचे हप्ते भरायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि बिल्डर-सोसायटी यांच्यातल्या हमीच्या व्यवहाराला आळा घालणारा कायदा १९३९ मध्ये आला.

ज्याला पाच टक्केही जमत नव्हते तो या पट्ट्यात आलाच नाही. त्याच्यासाठी लंडनच्या पूर्वेला लंडन काउंटी कौन्सिलनं १९२१ ते १९३५ च्या दरम्यान बेकनट्री ही प्रचंड वसाहत बांधली, सुमारे २६,००० घरांची. घरं चांगली होती. जोडीला बाग होती, नळ होता. पण इथं क्रम उलटा पडला. माणसं आली आणि कामधंदा आणि पुरेशी रेल्वे मागून आली. फोर्डचा कारखाना १९३१ मध्ये सुरू झाला, विजेच्या गाड्या १९३२ मध्ये. तोवर ईस्ट एंड या लंडनमधल्या गरीब कामगार वस्तीतून आलेल्या कितीतरी कुटुंबांना भाडं आणि प्रवास दोन्ही पेलेना, आणि काही जण परत गेले. एकाच शहराची दोन उपनगरं, घरं जवळजवळ सारखी, पण एका ठिकाणी गाडी आधी आली आणि दुसऱ्या ठिकाणी घर. रोजच्या जगण्यात त्यानं किती फरक पडतो हे बेकनट्रीच्या लोकांनी सोसून बघितलं.

गाठ सुटली

सेल्बी १९३० मध्ये वारले. १ जुलै १९३३ रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वे नव्या लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्डात विलीन झाली. सगळ्या भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस एका सार्वजनिक संस्थेखाली आल्या. शहराच्या दृष्टीनं ते आवश्यकच होतं. पण या विलीनीकरणात जमिनीची कंपनी घेतली गेली नाही. ती खासगीच राहिली आणि प्लॉट विकत राहिली. म्हणजे गाड्या चालवण्याचा तोटा-नफा जनतेकडे आणि गाड्यांनी वाढवलेला जमिनीचा भाव खासगी हातात. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी चूक. रेल्वे सार्वजनिक करणं ठीक, पण जमिनीची मिळकतही सार्वजनिक संस्थेकडे आली असती तर पुढच्या मार्गांचा आणि शाळा-गटारांचा खर्च त्यातून निघू शकला असता.

तोवर लोकांचा सूर बदलत होता. रस्त्यांच्या कडेनं घरांच्या पट्ट्या धावू लागल्या, त्यांना आवर घालणारा कायदा १९३५ मध्ये झाला. १९३८ च्या कायद्यानं कौन्सिलांना शहराभोवतीची हिरवी जमीन राखून ठेवण्याचा मार्ग मिळाला. १९४४ च्या आराखड्यात पॅट्रिक अ‍ॅबरक्रोम्बी यांनी लंडनभोवती हिरवं कडं आणि त्यापलीकडे नवी गावं सुचवली. १९४७ च्या कायद्यानं तर बांधकामाचा हक्कच सार्वजनिक केला: यापुढे मालकाला जमीन असेल, पण ती बांधकामाला काढायची तर परवानगी हवी, आणि परवानगीनं वाढलेल्या भावावर १०० टक्के आकारणी. सेल्बींनी जमिनीचा जो वाढीव भाव पकडला होता तोच पकडण्याचा हा प्रयत्न होता, फक्त इथं लाभार्थी जनता असणार होती. पण सगळाच भाव सरकार घेणार म्हटल्यावर जमीन विकण्यात मालकाला रस उरला नाही, व्यवहार गोठले, आणि १९५३ मध्ये नव्या सरकारनं ही आकारणी रद्द केली. परवानगीचं बंधन मात्र राहिलं. नियंत्रण राहिलं आणि वसुली गेली. हिरव्या कड्याच्या आत आधीच घर असलेल्या प्रत्येकाची मालमत्ता त्या क्षणापासून दुर्मीळ होत गेली. मोकळ्या रानांत सगळ्यात शेवटी आलेली पिढीच पुढच्यांसाठी दार लावून घ्यायला सगळ्यात उत्सुक होती, आणि ते मी त्यांच्या स्वार्थापेक्षा माणसाच्या स्वभावावर घालीन. ज्या शेताकडे बघून आपण घर घेतलं, ते शेत राहावं असं कुणाला वाटणार नाही?

त्या दारात नेमकी अडकलेली एक गोष्ट अजून बघता येते. बोर्डानं १९३५ च्या नव्या कामांमध्ये नॉर्दर्न लाइन हा भुयारी रेल्वेचा मार्ग एजवेअरच्या पुढे बुशी हीथपर्यंत न्यायचं ठरवलं. ब्रॉकली हिल, एल्स्ट्री साउथ, बुशी हीथ अशी तीन स्टेशनं. तेव्हा तिथं रानच होतं, पण रेनर्स लेनलाही रानच होतं ना. रूळ गेले की घरं येतील, अशी खात्री होती. काम सुरू झालं, पुलाच्या कमानी उठू लागल्या, गाड्यांची कार्यशाळा बांधली गेली. मग दुसरं महायुद्ध आलं. कार्यशाळेत बॉम्बर विमानं जोडली गेली. युद्ध संपलं तोवर ती रानं हिरव्या कड्यात गेली होती. तिथं घरं होणार नव्हती, म्हणजे पास काढणारे होणार नव्हते, म्हणजे मार्गाला अर्थच उरला नव्हता. तो सोडून दिला. कार्यशाळेत पुढे बसची दुरुस्ती होत असे. १९९६ मध्ये ती इमारतही पाडली. ब्रॉकली हिलच्या शेतात अर्ध्यावर राहिलेल्या कमानींचे विटांचे बुंधे आहेत. त्यांच्यावरून एकही गाडी गेली नाही, आणि भोवताली गवत आहे.